सार्वजनिक बाग आणि 'नकोशी' माणसे

विल्यम व्हाइट या अमेरिकन लेखकाचे 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' हे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. शहराच्या ऐन गर्दीत, उंच इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, माणसांना बसण्यासाठी छोटी बाग किंवा चौक कसा असावा, एवढाच त्याचा विषय आहे. पुस्तक लहान आहे, भाषा साधी आहे, छायाचित्रे भरपूर आहेत. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते आजही वाचायला सांगितले जाते. मी मराठी शिकवतो. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा एक मित्र पुढे वास्तुशास्त्राकडे गेला, त्याच्या कपाटात मला ते सापडले. साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या या पृष्ठांत बागेवरच्या पुस्तकाची समीक्षा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण ते माझ्या घरातले आहे.

माझी आई तालुक्याच्या गावी पालिकेच्या बागेत रोजंदारीवर झाडायला होती. फाटक उघडायच्या आधी ती पोचायची. पाचोळा, कागद, शेंगांची टरफले, रात्रीच्या बाटल्या असे सगळे गोळा करायची. अकराला बाग बंद व्हायची ती चारला उघडायची. मधल्या वेळात आई भिंतीच्या बाहेर, गटारावर टाकलेल्या फरशीवर बसून भाकरी खायची. शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचो. आत कडुलिंबाखाली सिमेंटचे बाक रिकामे पडलेले असायचे. आत बसून खाऊ, असे मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, "आपुन झाडायला हाव, बसायला न्हाई." फाटकावरच्या पाटीवर हा नियम नव्हता. खाद्यपदार्थ आणू नयेत, झोपू नये, फुले तोडू नयेत, एवढेच त्या पाटीवर होते. पण पाटीवर नसलेला नियम आईला तोंडपाठ होता. व्हाइटसाहेबांचे पुस्तक मी या न लिहिलेल्या नियमाचा शोध घेत वाचले. तेव्हा ही समीक्षा तटस्थ नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

व्हाइट (१९१७–१९९९) मूळचे पत्रकार. १९५६ सालच्या 'द ऑर्गनायझेशन मॅन' या पुस्तकाने ते नावारूपाला आले होते. पुढे ते न्यूयॉर्कचे रस्ते आणि चौक पाहू लागले. त्यामागे एक सरळ प्रश्न होता. १९६१ साली न्यूयॉर्क शहराने बांधकामाच्या नियमांत बदल करून बिल्डरांना एक सवलत दिली. इमारतीपुढे लोकांसाठी एक चौरस फूट मोकळी जागा सोडा, त्याबदल्यात दहा चौरस फूट जास्तीचे बांधकाम घ्या. आपल्याकडे वाढीव एफएसआय म्हणतात तोच हा प्रकार. १९७२ पर्यंत अशा चौकांची सुमारे वीस एकर जागा तयार झाली. जगातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी ही एक. पण बहुतेक चौकांत माणूस दिसत नव्हता. बिल्डरांना मजले मिळाले, लोकांना मात्र उन्हात तापणारी फरशी मिळाली.

असे का झाले हे शोधण्यासाठी व्हाइट आणि त्यांचे तरुण सहकारी गच्च्यांवर कॅमेरे लावून, हातात वह्या घेऊन बसले. कोण येते, कुठे बसते, किती वेळ बसते, एकटे की दोघे, पुरुष किती, बायका किती, हे त्यांनी टिपले. एवढ्या खटाटोपानंतर हाती आलेले उत्तर ऐकून हसू येईल. जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. पण हे उत्तर मोठमोठ्या वास्तुशास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटले होते, किंवा त्यांना ते नकोच होते. कुठे कठडे मुद्दाम उतरते बांधलेले, कुठे त्यांवर लोखंडी खिळे ठोकलेले, कुठे बाक इतके अरुंद की पाठ टेकता येऊ नये. सीग्राम इमारतीसमोरच्या चौकात बाक नव्हतेच, पण कठडे बसण्यासारखे होते, म्हणून तो भरला. सूर्य, झाड, वारा अडणे, खाण्याची गाडी, रस्त्याशी लगट हे सगळे व्हाइट पाहतात. पण बसण्याच्या जागेपाशी ते पुन्हा पुन्हा येतात. कठडा एक ते तीन फूट उंच असेल तर माणूस त्यावर बसतो. सुट्या हलत्या खुर्च्या असतील तर फारच उत्तम. माणूस खुर्ची ओढतो, चार बोटे सरकवतो आणि मग बसतो. सरकवायचे काही कारण नसते, पण तेवढ्याने ती जागा त्याची होते. या निरीक्षणांवरून शहराने १९७५ साली नियम बदलले आणि दर तीस चौरस फूट मोकळ्या जागेमागे एक फूट लांबीची बसण्याची सोय बंधनकारक केली. लेखकाच्या वहीतली नोंद कायद्यात उतरली, असे फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला येते.

खुर्च्यांची छायाचित्रे मी सुट्टीत गावी आईला दाखवली. ती पेली पार्क या बागेची होती. १९६७ साली मॅनहॅटनच्या ५३व्या रस्त्यावर झालेली ही बाग ४२ फूट रुंद आणि १०० फूट लांब आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठेही भरत नाही. मागच्या भिंतीवरून पाणी कोसळते, त्याच्या आवाजात रस्त्याचा गोंगाट बुडतो, वर झाडांची पातळ सावली आणि खाली सुट्या खुर्च्या. आईने छायाचित्र जवळ धरून पाहिले. चोरीला जात नाहीत का, असे कुणीही विचारेल, ते तिने विचारले नाही. ती म्हणाली, "सांजच्याला एवढ्या खुर्च्या कोण गोळा करतं?" मला उत्तर देता आले नाही.

व्हाइट यांच्या पुस्तकात रखवालदारांविषयी मात्र एक चांगली जागा आहे. प्रत्येक जिवंत चौकात एक माणूस त्या जागेचा जणू 'महापौर' असतो. तो पहारेकरी असेल, खाण्याच्या गाडीवाला असेल. त्याला येणारा-जाणारा माहीत असतो, गोंधळ कुठे होणार हे त्याला आधी कळते, तो फारसे हाकलत नाही. या कसोटीवर माझी आई त्या बागेची महापौर होती. कुठल्या म्हाताऱ्याला चक्कर येते, कुठली मुलगी घरातून रडत आलेली आहे, हे तिला ठाऊक असे. फक्त या महापौराला बाकावर बसता येत नव्हते. व्हाइट यांच्या चौकटीत ही गोष्ट बसत नाही. कोण बसले हे त्यांनी मोजले, आणि प्रत्येक बसलेल्या माणसाचे निरीक्षण केले. जो बसू शकत असूनही बसत नाही, ज्याच्या मनातच कठड्यावर खिळे ठोकलेले आहेत, तो त्यांच्या कॅमेऱ्याला दिसणार नाही. गच्चीवरून ते दिसतही नाही.

ती नजर आपल्या साहित्यात आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, म्हणजे व्हाइट यांच्या पुस्तकाच्या दोन वर्षे आधी. कावाखान्याच्या दाट वस्तीतले जगणे त्यांनी आतून लिहिले. आपल्या आत्मकथनांत पाणवठा, चहाच्या हॉटेलातली वेगळी कपबशी, शाळेची ओसरी, चावडीची पायरी यांची जी वर्णने येतात ती या अर्थाने वाचली पाहिजेत. समीक्षकांनी त्यांत दुःख वाचले, विद्रोह वाचला, भाषा वाचली. कोण कुठे बसतो आणि कोण कुठे उभा राहतो याचा तो नकाशा आहे, असे आम्ही शिक्षकांनी विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले. नगररचनेच्या अभ्यासक्रमात व्हाइट असावेतच. त्यांच्या शेजारी 'बलुतं' असायला कुणाची हरकत असावी?

पुस्तकातले पाण्यावरचे लिखाण मी दोनदा वाचले. व्हाइट म्हणतात, बागेत पाणी असावे, आणि ते नुसते बघण्यासाठी नसावे, त्याला हात लावता आला पाहिजे, पाय बुडवता आले पाहिजेत. लोकांसमोर पाणी ठेवायचे आणि मग त्यांना त्यापासून दूर ठेवायचे हे त्यांना योग्य वाटत नाही. हौदात पाय सोडून बसलेल्यांना पहारेकरी हटकतात याचा त्यांना राग येतो. अमेरिकन वाचक हे वाचून मान डोलवत असेल आणि पुढच्या पानावर जात असेल. मला पुढे जाता आले नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे कागदावर जाहीर केले. त्यानंतर तीन वर्षे त्या कागदाने एकाही अस्पृश्याला ओंजळभर पाणी दिले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे चालत तळ्यावर गेली, पाण्याला हात लावला, ते प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, आणि एकशे आठ घागरी पाण्यात पंचगव्य घालून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पाण्याला हात लावता आला पाहिजे, हे वाक्य व्हाइट यांच्या हाती एक आल्हाददायक सूचना आहे. आमच्याकडे त्यासाठी डोकी फुटली आहेत. हा फरक सांगून मी व्हाइट यांना दोष देत नाही. त्यांची सूचना त्यांना वाटली त्यापेक्षा कितीतरी खोल आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. जागा सार्वजनिक असणे आणि ती सार्वजनिक होणे यांत तीन वर्षांचे, कधी तीनशे वर्षांचे अंतर असू शकते. आराखडा काढणाऱ्याने हे अंतर मोजायला शिकले पाहिजे.

आता ज्या प्रकरणासाठी हे पुस्तक आपण वाचले पाहिजे त्या प्रकरणाकडे येतो. व्हाइट त्याला 'नकोशा माणसां'चे प्रकरण म्हणतात. दारुडे, गाठोडी घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्या, स्वतःशी बोलणारे, घर नसलेले, टोळक्याने बसणारी पोरे. इमारतींचे मालक चौकात बाक ठेवत नाहीत, खिळे ठोकतात, फाटके लावतात, ते या माणसांच्या धास्तीने. व्हाइट यांनी येथे स्वच्छपणे सांगितले आहे की बहुतेक नकोशी माणसे निरुपद्रवी असतात, आणि खरे नुकसान होते ते त्यांना हाकलण्यासाठी योजलेल्या उपायांनी. खिळे दारुड्याला टोचतात तसेच गरोदर बाईलाही टोचतात. एक तुच्छ मानलेला माणूस बसू नये म्हणून सगळे शहर उभे राहते. ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर, मालकवर्गाच्या तोंडावर हे सांगायला धैर्य लागत होते, आणि त्याचा मान त्यांना दिलाच पाहिजे.

पण त्यांचा उपाय काय? जागा इतरांसाठी इतकी आकर्षक करा की चांगली माणसे गर्दी करतील, मग नकोशा माणसांचा प्रश्न आपोआप विरघळेल. माझा आक्षेप येथे आहे. व्हाइट यांनी 'नकोसा' हा शब्द अवतरणात टाकला, पण टाकून दिला नाही. त्यांच्या बागेत नकोशा माणसाला सहन केले जाते, कारण गर्दीत तो दिसत नाही. बाग त्याच्यासाठी आखलेली नसते. दिवसभर चाललेल्या माणसाला पाठ टेकायला काय लागेल, प्यायचे पाणी कुठे मिळेल, शौचाला तो कुठे जाईल, असे प्रश्न धरून आराखडा सुरू होत नाही. तो सुरू होतो दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन खाली उतरणाऱ्या ऑफिसातल्या माणसापासून. हा माणूस वाईट नाही, त्यालाही ऊन-सावली हवी. पण आराखड्याचा नायक तोच, आणि बाकीचे गर्दीतले. कथा-कादंबरीत हेच दिसले असते तर आपण लगेच बोट ठेवले असते. दलित पात्र आहे, पण कथा त्याची नाही, असे म्हणालो असतो. आराखड्यालाही हीच कसोटी का लावू नये?

याचे उदाहरण म्हणून न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीतले ब्रायंट पार्क पाहू. १८२३ पासून १८४० पर्यंत ही जागा बेवारस आणि गरिबांना पुरण्यासाठी वापरली जात होती. पुढे शेजारी पाण्याचा मोठा हौद झाला, नंतर हौदाच्या जागी सार्वजनिक ग्रंथालय आले. येथून थोड्या अंतरावर, पाचव्या रस्त्यावर काळ्या मुलांचे अनाथालय होते. १८६३ च्या जुलैमध्ये गोऱ्या जमावाने ते जाळले. १९३४ साली बागेची नवी आखणी झाली तेव्हा ती रस्त्यापेक्षा उंचावर, कुंपणाआड आणि दाट झुडुपांआड नेली गेली. कोलाहलापासून दूर शांत जागा, ही कल्पना. सत्तरच्या दशकापर्यंत तेथे अमली पदार्थांची विक्री चाले आणि इतर लोक आत जायला धजत नसत. व्हाइट यांनी तेथे पाहणी करून सांगितले की दोष झुडुपांचा आहे, आतले बाहेर दिसू द्या, वाटा वाढवा, खाण्याची सोय करा. १९८८ साली बाग दुरुस्तीसाठी बंद झाली आणि १९९२ साली उघडली. झुडुपे गेली, हलत्या खुर्च्या आल्या, बंद पडलेले शौचालय पुन्हा सुरू झाले. आता हिरवळीच्या खाली ग्रंथालयाच्या पुस्तकांची कोठारे आहेत. जेथे गरीब पुरले तेथे आता पुस्तके साठवली आहेत. असो.

नव्या ब्रायंट पार्कला नावे ठेवणे सोपे आहे. ती चालवणारी संस्था खाजगी आहे, आजूबाजूच्या मालमत्ताधारकांच्या पैशांवर चालते, आणि बाग सुधारली की भोवतालच्या जागांचे भाव वाढतात. मीही वर्गात असेच तावातावाने बोललो. तेव्हा एम.ए.ची एक विद्यार्थिनी उभी राहिली. म्हणाली, "सर, त्या माणसांना हाकलू नये, पटतं. पण आपल्या स्टँडजवळच्या बागेतून मी सातनंतर जात नाही, लांबचा रस्ता घेते. माझा हिशेब कुणी करायचा?" मला थांबावे लागले. व्हाइट यांनी हा हिशेब केला आहे. ज्या जागेत बायकांचे प्रमाण कमी, तेथे काहीतरी बिघडले आहे असे समजा, असे ते म्हणतात, आणि जुने ब्रायंट पार्क त्यांच्या या कसोटीवर नापास होते. काही मित्रांना ही मध्यमवर्गीय धास्ती वाटेल. ती विद्यार्थिनी ऊसतोड कामगाराची मुलगी आहे. तिला मी जे सांगितले ते येथेही सांगतो. छेड काढणे, विष विकणे ही कृत्ये आहेत, त्यांना आवर घाला. आडवे होणे हे कृत्य नव्हे, थकव्याची खूण आहे. पाटीवर 'झोपू नये' लिहिल्याने त्या मुलीचे रक्षण झाल्याचे मी पाहिलेले नाही. तिने मागितले ते दिवे, बायकांचे शौचालय आणि आतले बाहेरून दिसेल असे कुंपण. हे तिन्ही मिळाले तर आडवा झालेला मजूर तिच्या वाटेत येत नाही.

मालकीचा प्रश्न व्हाइट टाळतात. वाढीव बांधकामाच्या सौद्यातून झालेले चौक हे खाजगी मालकीचे आणि सार्वजनिक वापराचे. सगळे सुरळीत असते तोवर ही दुहेरी ओळख खपून जाते. २०११ साली खपली नाही. झुकोटी पार्क ही मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडची, सुमारे तीस गुंठ्यांची अशीच जागा. १९६८ साली बांधकामाच्या सवलतीच्या बदल्यात झालेली. चोवीस तास खुली ठेवण्याची अट होती. १७ सप्टेंबर २०११ रोजी आर्थिक विषमतेविरुद्ध आंदोलन करणारे लोक तेथे येऊन राहिले. मग मालक कंपनीने तंबू ठोकण्यास आणि आडवे होण्यास मनाई करणारे नियम पुढे केले, १५ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी जागा रिकामी केली, आणि न्यायालयाने ते नियम त्याच दिवशी उचलून धरले. बसा, पण राहू नका. या, पण मागणी घेऊन येऊ नका.

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब दुसऱ्यांदा महाडला गेले तेव्हा सनातन्यांनी न्यायालयातून मनाईहुकूम आणला होता. त्यांचा दावा असा की तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. सत्याग्रह थांबवावा लागला, आणि मुंबई उच्च न्यायालयात अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. न्यूयॉर्कची कंपनी आणि महाडचे सनातनी एक आहेत असे मी म्हणत नाही. वंचित माणूस दारात आला की मालकीचा कागद बाहेर निघतो, ही रीत मात्र ओळखीची आहे.

आपल्याकडच्या गिरणगावाची आठवण येथे अपरिहार्य आहे. मुंबईच्या मध्यवस्तीतल्या बंद गिरण्यांच्या जमिनीबाबत १९९१ च्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते. एक मोकळ्या सार्वजनिक जागांना, एक सार्वजनिक गृहनिर्माणाला, एक मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे धरायचे ठरले, म्हणजे बागेचा वाटा कागदावरच आकसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. ज्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे, त्या गिरण्यांच्या जमिनीवर त्याच्या नातवाला एक बाक मिळायचा होता. व्हाइट यांचे सगळे शास्त्र बाक कुठे ठेवावा याचे आहे. जमीनच गेली तर बाक ठेवायचा कुठे?

तरी निराश होण्याचे कारण नाही, असे मला दादरला वाटते. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले, १९२७ साली त्याला हे नाव मिळाले. त्याभोवतीचा कट्टा व्हाइट यांनी पाहिला असता तर त्यावर एक प्रकरण लिहिले असते. उंची बरोबर, रस्त्याला लागून, वर झाडे. पण माझ्या दृष्टीने या मैदानाची परीक्षा ६ डिसेंबरला असते. चैत्यभूमीवर येणारी आपली माणसे तेथे उतरतात. पिशवी उशाला घेऊन झोपतात, भाकरी सोडतात, पुस्तके विकत घेतात. पुस्तकांच्या दुकानांपाशी जी गर्दी असते ती मी कुठल्या साहित्य संमेलनात पाहिली नाही. त्या काळात महापालिका मंडप घालते, पाणी देते, फिरती शौचालये ठेवते. म्हणजे मध्यवस्तीतल्या मैदानात माणसाला झोपू द्यायचे, पाणी द्यायचे, शौचालय द्यायचे हे यंत्रणेला जमते. एरवी ते अशक्य असल्याचे आपल्याला सांगितले जाते. आणि याच दिवसांत काहींच्या तोंडी 'अस्वच्छता' हा शब्द येतो. 'नकोसा' या शब्दाचे ते आपल्याकडचे भाषांतर आहे.

या पुस्तकाची पद्धत मात्र मी उचलली. आमच्या शहराच्या मध्यवस्तीत पालिकेची एक बाग आहे. मध्यंतरी तिचे सुशोभीकरण झाले. शहरावर प्रेम असल्याची मोठी इंग्रजी अक्षरे बसवली, चालण्याची वाट केली, कारंज्याभोवती कठडा उभारला, आणि नव्या बाकांच्या मधोमध एकेक लोखंडी दांडा घातला. बाग सकाळी दहाला बंद होते आणि चारला उघडते. रस्त्यापलीकडे मजुरांचा नाका आहे. मी आठ विद्यार्थ्यांना घेऊन तेथे वह्या घेऊन बसलो. कॅमेरा मुद्दाम नेला नाही, कारण फोटो काढू लागले की नाक्यावरची माणसे उठून जातात.

त्यांच्या वह्यांतली एक गोष्ट मला पुस्तकात सापडली नव्हती. मुकादम आणि ठेकेदार नऊ-साडेनऊपर्यंत माणसे नेतात. दहाच्या सुमारास ज्यांना काम मिळालेले नसते, ती उरतात. थापी, फावडे, टोपली, डबा घेऊन. घरी लगेच जाता येत नाही, कारण दुपारी एखादा अर्ध्या दिवसाच्या कामाला बोलावतो, आणि रिकाम्या हाताने इतक्या लवकर घरी जायला तोंडही नसते. त्याच वेळी बागेचे फाटक बंद होते. मग ती माणसे भिंतीच्या बाहेर सावली सरकेल तशी सरकत बसतात. बायका गाड्यांच्या आडोशाला बसतात. झाडाखाली मोटारसायकलवर पार्सलच्या पिशव्या अडकवलेली पोरे मोबाईलकडे बघत थांबलेली असतात. भिंतीच्या आत दांड्याचे बाक रिकामे. एका विद्यार्थ्याने लिहिले होते, 'बाग बंद असताना बागेचा वापर सर्वांत जास्त होतो, फक्त बाहेरून.' हे वाक्य त्याला परीक्षेत सुचले नसते.

नोंदी झाल्यावर आम्ही पालिकेला निवेदन द्यायचे ठरवले. मसुदा मी केला. बाग दुपारी उघडी ठेवावी, बाकांचे दांडे काढावेत, फाटकाच्या आत पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बायकांसाठी शौचालय करावे, ते साफ करणाऱ्यांना कायम नोकरी आणि बसून खायला जागा द्यावी. 'बागेत येणाऱ्या सर्व नागरिकांच्या सोयीसाठी' असे मी सुरुवातीला लिहिले होते. तीच विद्यार्थिनी म्हणाली, "सर, सर्व नागरिक म्हटलं की साहेब स्वतःलाच धरतात." तिने ते शब्द खोडले आणि तेथे 'नाक्यावर काम न मिळालेल्या स्त्री-पुरुष मजुरांसाठी' असे लिहिले. माझ्या सगळ्या समीक्षेपेक्षा ती दुरुस्ती व्हाइट यांच्या पुस्तकाला जास्त नेमकी लागू पडते. कचेरीतल्या कारकुनाने निवेदन वाचले, मजुरांनी तसा अर्ज केला आहे का, असे विचारले. पुढच्या आठवड्यात मजुरांच्या सह्या आणि अंगठे घेऊन विद्यार्थी पुन्हा गेले. आवक क्रमांक मिळाला आहे.